मासळीच्या आकाराचा नियम साऱ्या किनाऱ्याला हवा

नील अर्थव्यवस्थेवरील, म्हणजे समुद्रावर आधारलेल्या अर्थकारणावरील, आपल्या अग्रलेखात बंदरे आणि सागरी पर्यटनाचा सविस्तर विचार आहे, मात्र मासेमारीतील आंतरराज्य समन्वयाचा मुद्दा निसटला आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. निर्णय उत्तमच, पण राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो, त्यापुढे केंद्राची हद्द सुरू होते आणि मासळीला तर यातली कुठलीच रेषा ठाऊक नसते. पावसाळी मासेमारी बंदीचेही तेच. केरळात ट्रॉलिंगला, म्हणजे यांत्रिक नौकेने जाळे ओढत केलेल्या मासेमारीला, ५२ दिवस मनाई असते, तर आपल्याकडे ती एरवी ६१ दिवसांची. सातपाटीच्या मच्छीमाराने नियम पाळून सोडलेले पिल्लू दुसऱ्या राज्याच्या नौकेच्या जाळ्यात जाणार असेल, तर त्याने ते का सोडावे? गुजरातपासून केरळपर्यंतच्या राज्यांनी किमान आकार, जाळ्याच्या आसाचे (छिद्राचे) माप आणि बंदीचा काळ एकत्र बसून ठरवावा, आणि किमान आकाराचा तोच नियम केंद्राने १२ मैलांपलीकडेही लागू करावा. तोवर नव्या बंदरांच्या घोषणा थोड्या थांबल्या तरी चालतील.

– एक वाचक, पालघर