नकाशाची कड कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचा जुना भूरूपदर्शक नकाशा पाहून फार आनंद झाला. भिंग घेऊन दोन संध्याकाळ त्यावरच बसलो. पण छापताना त्याच्या चारही कडा कापल्या गेल्या आहेत. पाहणीचे वर्ष, छपाईचे वर्ष आणि प्रमाणपट्टी नेमकी तिथेच असतात.

नकाशा कधीचा, हे शेवटी हॉजवॉटर तलावावरून ताडावे लागले. तुकड्यात तलावाची कंबर बारीक दिसते. मीझंडजवळ जमिनीची जीभ आत शिरून त्याचे जवळजवळ दोन भाग झाले आहेत. वरच्या टोकाच्या पुढे मार्डेल ग्रीन हे गाव आहे. आज तिथे पाणी आहे. मँचेस्टरच्या पाणीपुरवठ्यासाठी १९२९ मध्ये धरणाचे काम सुरू झाले, पातळी २९ मीटर चढली आणि गाव बुडाले. तिथल्या चर्चच्या आवारातले ९७ जणांचे अवशेष उकरून शॅपला पुन्हा पुरले. पाऊस ओढ देतो तेव्हा गावातल्या दगडी भिंतींच्या रांगा आजही उघड्या पडतात. तेव्हा नकाशाची पाहणी धरणापूर्वीची, एवढेच कळले. किती वर्षे आधीची, ते नाही.

खाणींच्या बाबतीत तर वर्षावाचून अडतेच. या भागाच्या जुन्या नकाशांवर ‘लेव्हल’ म्हणजे डोंगराच्या पोटात आडवा गेलेला बोगदा आणि ‘शाफ्ट’ म्हणजे खोल उभी विहीर. त्याआधी ‘ओल्ड’ लिहिले असेल, तर पाहणी झाली तेव्हाच ती जागा सोडून दिलेली होती. पण पाहणी कधीची, हेच ठाऊक नसेल तर त्या ‘ओल्ड’चा अर्थ लावायचा कसा? कॉनिस्टनचे तांबे असो की ग्रीनसाइडचे शिसे (ही खाण १९६२ पर्यंत चालली), कुठले तोंड कधी बंद पडले हे वेगवेगळ्या सालांचे नकाशे शेजारी ठेवूनच उमगते.

प्रमाणपट्टीचेही तसेच. ‘एका मैलाला सहा इंच’ हे शब्द नकाशा लहान करून छापला की खोटे पडतात. रेखलेली पट्टी मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून ती खरी राहते. पुढच्या वेळी लेखाच्या चार ओळी कमी केल्या तरी चालतील, पण कड कृपया तशीच राहू द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक