होलोंगापारहून आल्यावर

कुर्ला, मुंबई
११ एप्रिल

प्रिय बाळ्या,

पत्र बघून चक्रावू नकोस. फोनवर तू मध्येच क्रिकेट काढतोस, म्हणून लिहितोय.

आसामला जाऊन आलो. काझीरंगा सगळेच करतात. आम्ही जोरहाटजवळच्या होलोंगापारला गेलो. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं वर्षावन, म्हणजे आपल्या संजय गांधी उद्यानाचा पाचवा हिस्सा, आणि भोवती चहाचे मळे. तिथे हुलॉक गिबन राहतो. त्याला माकड म्हणायचं नाही. शेपूटच नाही त्याला. भारतातला हा एकमेव एप. तू म्हणशील, तू आहेसच की. ऐकलं. पुढे वाच.

सकाळी सहाला गार्ड पुढे, खांद्यावर बंदूक (हत्तींसाठी), आम्ही मागे. रात्री पाऊस झालेला, त्यामुळे जळवाच जळवा. हिनं मोज्यांत तंबाखू कोंबली होती, मी हसलो होतो. तिला एकही चिकटली नाही, मला तीन!

मग वरून हाक आली. एकानं सुरू केलं, दुसरीनं उचललं, आणि सगळं रान हू-कू, हू-कू. जोडीनं गातात हे ठाऊक होतं. इतक्या मोठ्यानं गातात हे नव्हतं. होलोंगच्या झाडाच्या शेंड्यावर नर दिसला. काळाकुट्ट, भुवयांवर मात्र कुणी चुन्याचं बोट फिरवावं तसे पांढरे पट्टे. मादी फिकट तपकिरी, पोटाशी पिल्लू. एका हातानं लोंबकळत तिनं एक फळ तोडलं, हुंगलं, टाकून दिलं, मग दुसरं. थेट तुझी आई मंडईत!

तेवढ्यात भोंगा वाजला. या रानातून रेल्वेलाइन गेलीय. ही मंडळी फांद्याफांद्यांवरूनच जातात, जमिनीवर सहसा उतरत नाहीत. रुळांवर फांद्या भेटत नाहीत, म्हणून पलीकडची कुटुंबं पलीकडेच अडकलीत. वयात आलेल्या पोरानं जोडीदार शोधायचा कुठे? आणि आपण, अरे, शाळेला उशीर झाला की रोज रूळ ओलांडायचो. तुझी चप्पल गेली होती, आठवतं? आता तिथे वरून दोरांचे पूल बांधायचं ठरलंय म्हणे. गाडी जाईपर्यंत नर गप्प बसला. मादी खातच होती.

फोटो सगळे हलले. एकात नुसता हात आलाय, लांबच लांब. तोच सोबत पाठवतोय. काकूंना नमस्कार सांग; फळाचं मात्र सांगू नकोस.

तुझा,
नंद्या