हगवण काय, गॅस्ट्रो काय, मोजणी एकत्रच व्हायला हवी

संपादक साहेब, नमस्कार.

२०१९ च्या महापुरात मी आमच्याकडच्या एका कॅम्पमधे नोंदी करायला बसत होतो, रजिस्टर एक आणि लिहिणारे आम्ही चौघं. पाणी ओसरल्यावर सहज पानं चाळली तर एकाच गल्लीतल्या माणसांपुढं कुणी हगवण लिहिलेलं, कुणी पातळ संडास, कुणी उलटी-जुलाब, कुणी गॅस्ट्रो. रोज संध्याकाळी वर कळवायचा आकडा मात्र फक्त गॅस्ट्रोचा, दोन नाहीतर तीन. ही सगळी एकाच टाकीचं पाणी पिणारी माणसं होती हो! ते पान अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

साथरोग सर्वेक्षणाचा एकात्मिक कार्यक्रम देशात २००४ पासून आहे, २०२१ ला नवीन पोर्टल पण आलं, चांगलंच झालं. पण लोकांच्या तोंडचा शब्द ठरलेल्या रकान्यात बसवायचा कसा हे शेवटी माणसावरच येतं, आणि चार माणसं चार तऱ्हेनं बसवतात.

यासाठी ऑन्टॉलॉजी नावाचा प्रकार असतो, म्हणजे रोगाबद्दल आपल्याला जे माहितीय ते कॉम्प्युटरला कळेल असं नात्यागोत्यासकट लिहून ठेवायचं. हगवण, अतिसार, लूज मोशन एकच, कॉलरा त्यातलाच एक प्रकार, तो दूषित पाण्यातून पसरतो आणि लागण झाल्यावर काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. कावीळ हे लक्षण आहे, ए आणि ई प्रकारची पाण्यातून येते पण बी ची तशी येत नाही, हे एकदा लिहून ठेवलं की कुठल्या कावीळीला पाण्याची टाकी तपासायची ते लगेच कळतं. गावांचं पण तसंच, पेशंट नुसतं 'कवठ्याचा' म्हणतो, आता कवठेएकंद, कवठेपिरान का कवठेमहांकाळ? तीन तालुके झाले की!

जपानमधे २००६ च्या सुमारास बायोकॅस्टर नावाची सिस्टीम उभी राहिली, बातम्या वाचून साथ ओळखणारी, तिच्या ऑन्टॉलॉजीत थाई, व्हिएतनामी, कोरियन शब्द सुद्धा घातलेत. मग मराठी का नको? आणि मराठी म्हणजे पुस्तकातली नव्हे, जत-आटपाडीकडं आजारी माणूस जे बोलतो ते. ते शब्द आशाताईंना तोंडपाठ आहेत, जिल्हा परिषदेनं त्यांना दोन दिवस बोलवावं, मानधन द्यावं आणि शब्द उतरवून घ्यावेत. माझी एक वही भरत आलीय, ती मी आणून देतो.

- एक वाचक, मिरज