समोरच्या गाडीले हायेत ना ब्रेक!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चांदूर बाजार तालुक्यात माझा मंडप-डेकोरेशन आणि जनरेटरचा धंदा आहे. पिकअपच्या मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली अडकवायची आणि लग्न, सप्ताह, सभा, बहिरमची यात्रा असं फिरायचं, हे आमचं वर्ष. कापसाच्या दिवसांत ट्रॉली उलटल्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतात. त्यात बहुतेक वेळा एक ओळ ठरलेली असते, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. मागच्या ट्रॉलीच्या चाकांवर चालकाचं नियंत्रण होतंच कुठे, असं विचारावंसं वाटतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात सेमाडोहकडचं लग्न आटोपून परतवाड्याकडे येत होतो. मंडपाचं सामान दुसऱ्या गाडीत गेलेलं, त्यामुळे पिकअपचा डाला रिकामा आणि मागे जनरेटर. घटांगचा घाट उतरताना एका वळणावर गाई आडव्या आल्या. ब्रेक दाबला. पिकअप थांबायला लागली, ट्रॉली काही थांबेना. डाला रिकामा म्हणून मागची चाकं आधीच हलकी, त्यात हुकावर मागून सगळा रेटा. गाडीचं बूड खाडकन फिरलं आणि आम्ही डोंगराच्या बाजूच्या नालीत जाऊन बसलो. माझ्या पोऱ्याच्या कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर भागलं. दरी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होती.

घरी आल्यावर ट्रॉली जिनिंगच्या काट्यावर नेली. जनरेटर, डिझेल, केबलची भेंडोळी धरून १,४२० किलो भरली. इतकी वर्षं हे वजन मी निव्वळ पिकअपच्या ब्रेकवर घाटात नेत होतो. बंडी हाकलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. उतारावर भरली बंडी बैलांच्या अंगावर येते आणि जू मानेवरून पुढे सरकतं. माझे आजोबा उतार लागला की खाली उतरायचे आणि बंडीमागे दोर धरून रेलत चालायचे. आम्ही बैल विकून गाड्या घेतल्या आणि दोर धरणारा माणूस तेवढा विसरलो.

ट्रॉली जिथे बनवली होती त्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं विचारलं. मिस्त्री माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, “भाऊ, ट्रॉलीले ब्रेक काहून लागते? समोरच्या गाडीले हायेत ना!”

माझ्या साडभाऊचा मुलगा टेक्सासात असतो. तिकडे पिकअपमागे घोड्यांचे, जनावरांचे, बोटींचे ट्रेलर सर्रास लावतात आणि जड ट्रेलरच्या चाकांत विजेचे ब्रेक असतात. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मावसाजी, चाकाचे बोल्ट किती आणि त्यांच्या गोलाचा व्यास किती?” माझ्या ट्रॉलीला जुन्या जीपची चाकं आहेत. पाच बोल्ट, साडेपाच इंच. तो म्हणाला, या मापाचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी वाटी) इथे दुकानात मिळतात. आपली जीप मुळात तिकडचीच, तो धागा असा कामी आला. दिवाळीत तो आला तेव्हा दोन बॅगांत वाटून १० इंची ड्रम, ब्रेकच्या प्लेटा आणि कंट्रोलरची डबी घेऊन आला. सगळं मिळून ३० हजारांच्या आत बसलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा हे लोखंड कशाचं ते सांगता सांगता त्याला घाम फुटला म्हणे.

या ब्रेकमध्ये तेल नाही, हवा नाही. प्रत्येक ड्रमच्या आत एक विद्युत चुंबक असतं. करंट मिळाला की ते फिरत्या ड्रमला चिकटू पाहतं, ड्रमबरोबर ओढलं जातं आणि त्याच ओढीने एक लिव्हर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, बाहेर दाबते. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर लागतात. किती करंट सोडायचा ते स्टिअरिंगखालची डबी ठरवते. आमच्या डबीच्या आत गाडी किती जोरात थांबते ते ओळखणारा सेन्सर आहे. हलका ब्रेक मारला तर ट्रॉलीलाही हलका, करकचून मारला तर ट्रॉलीलाही करकचून. काही स्वस्त डब्या नुसतं घड्याळ पाहून करंट वाढवत नेतात. घाटात फिरणाऱ्याने त्या घेऊ नयेत, हे माझं मत.

डबीला चारच वायरी आहेत. काळी बॅटरीच्या प्लसला, मध्ये २० अँपिअरचा ब्रेकर. पांढरी बॅटरीच्या मायनसला. निळी मागे ट्रॉलीच्या चुंबकांकडे. आणि लाल, जी पेडलच्या वरच्या ब्रेक-स्विचला जोडायची, पण अशा टोकाला की पेडल दाबल्यावरच तिथे करंट यावा. आमच्या गावचा इलेक्ट्रिशियन हुशार पोरगा आहे, पण पहिल्या दिवशी त्याने लाल वायर पार्किंगच्या दिव्याला टोचली. दिवसा काही कळलं नाही. रात्री हेडलाइट लावून निघालो तर दिव्याबरोबर ट्रॉलीचा ब्रेकही लागून राहिला आणि गाडी जड ओढायला लागली. सात-आठ किलोमीटरवर उतरून ड्रमजवळ हात नेला, तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. दुसऱ्या दिवशी टेस्ट लॅम्प घेऊन तो पेडलखाली उताणा झोपला, मी पाय दाबत-सोडत राहिलो आणि दिवा पायाबरोबर लागेल-विझेल ती वायर सापडली.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेची. आपल्याकडे अर्थ म्हणजे चॅसिसला एक स्क्रू. ट्रॉलीचा अर्थ मग गंजक्या हुकातून येतो, खड्ड्यात तुटतो, पुन्हा जुळतो. ब्रेकच्या बाबतीत हे चालत नाही. पांढरी आणि निळी या दोन्हींसाठी मी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर शेवटपर्यंत नेली. इंडिकेटरच्या बारीक वायरीतून पाठवलेला करंट चुंबकापर्यंत अर्धमेला होऊन पोहोचतो.

ट्रॉली हुकातून सुटलीच तर तिच्यावरच्या छोट्या बॅटरीने आपोआप ब्रेक लागावा म्हणून एक दोरीचा स्विचही बसवला. पूर्वी आमच्या हुकाला साधी साखळीसुद्धा नव्हती, हे लिहायला लाज वाटते.

मग पहाटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर ४०च्या वेगाने नेऊन पेडलला पाय न लावता डबीवरचा हाताचा खटका दाबला. डबीवरचा ब्रेकच्या जोराचा आकडा वाढवत गेलो. सातवर ट्रॉलीची चाकं जाम होऊन घसटली, म्हणून साडेपाचवर आणून ठेवला. ट्रॉली रिकामी असली की आणखी खाली घ्यावा लागतो. आता घाटात ब्रेक मारला की मागून कोणीतरी कासरा ओढून धरतं.

विजेची भानगड नको असेल त्यांच्यासाठी युरोपात जुना आणि साधा उपाय आहे. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलरचा दांडा आत दबतो आणि त्याच दाबाने केबल ओढून ब्रेक लागतो. त्याच्या जुन्या प्रकारात रिव्हर्स घेताना तो अडकवून ठेवावा लागायचा, एवढीच कटकट. नांगर-वखर, ट्रॉल्या बनवणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्यांना यातलं काहीच अवघड नाही. आणि गरज माझ्यापेक्षा ट्रॅक्टरवाल्यांना जास्त आहे. ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असतात, तेही डाव्या-उजव्याचे वेगळे पेडल. वावरातून डांबरीवर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारी पट्टी किती जण लावतात? मागे कापसाची किंवा गिट्टीची ट्रॉली असते.

तक्रार एकच. ब्रेक बसवल्यावर मी संबंधित कार्यालयात गेलो, नोंद करून घ्या म्हणालो. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, हे मला तिथेच सांगण्यात आलं. बरोबर आहे. पण मग सुरक्षेचा बदल कोणत्या अर्जावर दाखवायचा? एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणानंतर या म्हटलं, जेवणानंतर साहेब दौऱ्यावर. ट्रॉलीला ब्रेक नव्हता तेव्हा मला कोणी थांबवलं नव्हतं, आणि बसवून पाहा म्हणून सांगणाराही कोणी भेटला नाही. त्या कार्यालयाने आपल्या पेपरातून एवढं जरी कळवलं की गावातल्या ट्रॉलीवाल्याने कोणता ब्रेक बसवावा, कोणाकडून तपासून घ्यावा आणि नोंद कुठे करावी, तरी निदान आमच्या भागातले थ्रेशरवाले आणि मिक्सरवाले तयार आहेत. तिघे-चौघे येऊन डबी पाहून गेले.

बाकी कोणाला पाहायची असेल तर डिसेंबरात बहिरमला या. आकाशपाळण्यांच्या मागे ट्रॉली उभी असते. डाव्या चाकाजवळ निळी वायर दिसेल.

आपला,
एक जनरेटरवाला
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती