विषय : ‘वेटिंग फॉर कोलंबस’च्या दोन डिस्कच्या रिमास्टर्ड आवृत्तीऐवजी दोनदा जुनी एकेरी सीडी पाठवल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी 41 मिनिटे बोलून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे. हा प्रश्न फोनवर सुटणार नाही, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

‘वेटिंग फॉर कोलंबस’ हा लाइव्ह अल्बम काढणारा लिटल फीट हा बँड कोण, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. तुमच्याच संकेतस्थळावर या अल्बमचे वर्णन आहे आणि ते लिहिणाऱ्याला विषय चांगला ठाऊक होता. 1969 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, ब्लूज, कंट्री, न्यू ऑर्लिन्सचा ठेका, फंक आणि जॅझ हे सगळे एकाच पंगतीला बसवणारा हा बँड. ऑगस्ट 1977 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये आणि वॉशिंग्टनच्या लिस्नर ऑडिटोरियममध्ये झालेले कार्यक्रम. साथीला टॉवर ऑफ पॉवर या बँडचा ब्रासचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा, ताफा. पाहुणे गिटारवादक म्हणून रोलिंग स्टोन्समधून बाहेर पडलेले मिक टेलर. आणि 1978 साली निघालेला दोन तबकड्यांचा अल्बम. हे सारे त्या वर्णनात बिनचूक दिले आहे. त्याखाली ‘रिमास्टर्ड, 2 डिस्क, 10 जादा ध्वनिमुद्रणे’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. त्या ओळीवर विश्वास ठेवून मी 2,890 रुपये आगाऊ भरले.

अकरा दिवसांनी घरी आली ती एकच डिस्क. ती रिमास्टर्ड, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून काढलेली, नव्हती आणि तिच्यावर जादा काहीही नव्हते. सीडीच्या सुरुवातीच्या काळात हा अख्खा अल्बम एका डिस्कवर मावत नाही म्हणून दोन गाणी गाळून जी एकेरी आवृत्ती काढण्यात आली होती, ती तुम्ही मला पाठवलीत. मूळ तबकड्यांवर 17 गाणी आहेत; या डिस्कवर 15. गाळलेली दोन म्हणजे ‘डोन्ट बोगार्ट दॅट जॉइंट’ आणि ‘अ अपॉलिटिकल ब्लूज’. पहिले जेमतेम मिनिटभराचे आहे, ‘विलिन’च्या पाठोपाठ सगळे मिळून गातात ते. दुसऱ्याबद्दल मात्र तुमच्या कायदेशीर सल्लागारांनी जरा विचार करावा, कारण मिक टेलर यांचे वादन त्याच गाण्यात आहे. म्हणजे ज्या पाहुण्याचे नाव छापून तुम्ही माल विकता, तो पाहुणा तुम्ही पाठवलेल्या मालात कुठेच नाही.

तक्रार केली, माल परत नेला, बदली माल आला. तोही तोच. तीच एकेरी डिस्क, तीच 15 गाणी. पहिल्या वेळी चूक झाली असे मी समजून घेतले होते. दुसऱ्या वेळी पुडके फोडताना मला तुमच्या गोदामाची काळजी वाटू लागली.

आता कालच्या संभाषणाकडे येतो. ते मी शक्य तितके जसेच्या तसे देत आहे; ‘प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रित’ केलेला हा संवाद तुमच्याकडेही असेलच, तो कृपया एकदा ऐकावा. मराठीसाठी तीनचा आकडा दाबून मी 18 मिनिटे थांबलो. मग तुमच्या प्रतिनिधीने मला ‘नक्की समस्या काय आहे’ असे विचारले. मी म्हणालो, दोन डिस्क मागवल्या, एक आली. त्यांनी मला मुखपृष्ठाचे वर्णन करायला सांगितले. मी केले : झुल्यात पहुडलेली टोमॅटोची बाई, निऑन पार्क या चित्रकाराचे चित्र. ते म्हणाले, “सर, आमच्या स्क्रीनवर पण टोमॅटोच दिसतोय. म्हणजे प्रॉडक्ट बरोबर आहे.” मी म्हणालो की या अल्बमच्या प्रत्येक आवृत्तीवर तोच टोमॅटो असतो, प्रश्न आत काय आहे याचा आहे. त्यांनी विचारले, “किती गाणी आली?” पंधरा. “हवी किती होती?” मूळची सतरा आणि जादाची दहा. यानंतर बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “सतरापैकी पंधरा म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के झाले ना सर?” मी विचारले की जादाच्या दहांचे काय? त्यावर, “ती तर एक्स्ट्रा आहेत सर, एक्स्ट्राची गॅरंटी नसते.” मी अजूनही संयमाने सांगितले की अल्बम लाइव्ह आहे, त्यातली गाणी एका क्रमाने येतात, टाळ्या एका गाण्यातून दुसऱ्यात जातात, मधले काही काढले की तो सांधा कानाला कळतो. तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मी लिहून ठेवले आहे : “सर, लाइव्ह असेल तर ते आता संपले असेल. रेकॉर्डिंग हवे असेल तर राहिलेली दोन गाणी यूट्यूबवर बघून घ्या.”

त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो पडदा ठेवला आहे, त्यावर टोमॅटो दिसतो आणि डिस्कची संख्या दिसत नाही, हा दोष त्याचा नव्हे. पण 2,890 रुपये घेतल्यावर कंपनीने ग्राहकाला यूट्यूबचा पत्ता द्यावा, हे धोरण कुणी तरी वरच्या मजल्यावर बसून ठरवले असणार. गाळलेली ती दोन गाणी एके काळी याच बँडच्या 1975 सालच्या स्टुडिओ अल्बमच्या सीडीला शेपटासारखी जोडून मिळत असत. संवाद आणखी पाच मिनिटे चालला असता, तर तुमच्या प्रतिनिधीने मला ती सीडीही विकत घ्यायला सांगितली असती, याची मला खात्री आहे.

फोन ठेवल्यावर सात मिनिटांनी संदेश आला की माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या बंद’ करण्यात आली आहे. समाधान कुणाचे, ते संदेशात लिहिलेले नाही.

अल्बमबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे स्पष्ट करतो, नाहीतर तुमच्याकडून ‘गुणवत्तेबद्दल असमाधानी’ असा शिक्का मारला जाईल. बँडचे गायक-गिटारवादक लॉवेल जॉर्ज यांनी नंतर स्टुडिओत बसून या ध्वनिमुद्रणातले बरेचसे गायन आणि गिटार पुन्हा भरले, हे मला माहीत आहे आणि मला त्याचे काही वाटत नाही. मी रिमास्टर्ड आवृत्ती मागितली, ती रिची हेवर्ड यांच्या ड्रमच्या आणि सॅम क्लेटन यांच्या काँगाच्या ठोक्यांमधली फट नीट ऐकू यावी म्हणून. ‘डे ॲट द डॉग रेसेस’सारखे लांबलचक, बिनशब्दांचे वादन मूळ तबकडीवर नव्हते आणि दुसऱ्या डिस्कवर आहे, म्हणून. ऐकायचे होते ते नेमके हेच, आणि नेमके हेच तुम्ही दोनदा पाठवले नाहीत. दोन डिस्क मागवल्या, एक आली. पुन्हा मागवल्या, पुन्हा एकच आली.

तुमचे दुकान रस्त्यावर होते तेव्हापासून मी तुमचा ग्राहक आहे. तेव्हा काउंटरमागचा माणूस कॅसेटच्या पुठ्ठ्यावरची बारीक अक्षरे स्वतः वाचून दाखवी आणि ‘ही घेऊ नका, यात एक बाजू कापलेली आहे’ असे स्वतःच्या नुकसानीत सांगे. त्या माणसाच्या जागी आता पडदा बसवला आहे, एवढेच म्हणतो.

आता व्यवहाराचे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार तुम्ही माझ्या तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेऊन पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मला पुढील दोनांपैकी एक हवे : संकेतस्थळावर लिहिलेली दोन डिस्कची रिमास्टर्ड आवृत्ती, पाठवण्यापूर्वी पुडके उघडून कुणीतरी डोळ्यांनी मोजलेली, किंवा पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम, मूळ खात्यात. तुम्ही काल सुचवलेले 150 रुपयांचे कूपन मला नको आहे. पुढच्या खरेदीवर मिळणारी सूट ही पुढची खरेदी करणाऱ्याच्या उपयोगाची असते.

मुदतीत काही झाले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबद्दलच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्यालयापर्यंत येण्याचा त्रासही मला नाही. तो तुमच्या वकिलांना होईल. सोबत दोन्ही पावत्या, दोन्ही पुडक्यांची छायाचित्रे आणि संकेतस्थळावरील वर्णनाची प्रत जोडली आहे. वर्णनात ‘2 डिस्क’ आणि ‘मिक टेलर’ हे शब्द मी लाल शाईने अधोरेखित केले आहेत, ते आज रात्रीतून बदलले जाऊ नयेत म्हणून.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपला ग्राहक
(ग्राहक क्रमांक पावतीवर आहे)