आदम मलिक यांचीही ओळख व्हावी
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील स्पर्धा परीक्षांच्या तयारीत आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या ‘आसियान’ या संघटनेची स्थापना ‘८ ऑगस्ट १९६७, बँकॉक, पाच देश’ एवढ्यावर आटोपली जाते. त्या स्थापनेच्या जाहीरनाम्यावर इंडोनेशियाच्या वतीने सही करणारे परराष्ट्रमंत्री आदम मलिक कोण होते, हे सहसा कोणी सांगत नाही. विसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, ‘अंतारा’ वृत्तसंस्था काढणाऱ्यांपैकी ते एक. पुढे मॉस्कोत राजदूत, नंतर व्यापारमंत्री. १९६६ मध्ये परराष्ट्र खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा मलेशियाशी सशस्त्र संघर्ष मिटलेला नव्हता आणि राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी देशाला संयुक्त राष्ट्रांतून बाहेर काढलेले होते. त्याच वर्षी मलेशियाशी समेट झाला आणि इंडोनेशिया संयुक्त राष्ट्रांत परतला (माझ्या मते हे काम आसियानपेक्षाही अवघड होते). १९७१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष असतानाच साम्यवादी चीनला तेथे प्रतिनिधित्व मिळाले. पूर्व तिमोरवरील इंडोनेशियाच्या १९७५ च्या आक्रमणाचे त्यांनी समर्थन केले, हा डाग झाकून त्यांचे गुणगान करावे, असे मी मुळीच सुचवत नाही. मात्र शेजारी राष्ट्रांशी तुटलेले संबंध कसे जोडले जातात, हे समजून घेण्यासाठी त्यांच्यावर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे