चुन्याच्या भिंतीला सिमेंट नको

संपादक महोदय,

स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पुण्याच्या मंडई परिसरात वर्दळ वाढली असून, जुन्या वाड्यांच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्याला माझा विरोध नाही, कारण गळक्या छपराखालच्या भाडेकरूंनाही पक्के घर हवेच. आक्षेप आहे तो डागडुजीच्या पद्धतीला. आमच्या गल्लीतील एका वाड्याच्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला गेला; चुना ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती कोंडते, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले आणि सागवानी खांबाचा तळ मऊ पडला. वारसा वास्तूंच्या दुरुस्तीच्या निविदेत चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची अट महापालिकेने घालावी, ही विनंती.

एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे